एकशे चोवीस, ब्याऐंशी

बबन,

तुझ्या पिंडाला कावळा पहिल्याच मिनिटाला शिवला आणि माझी पंचाईत झाली.

घोड नदीच्या काठावर दशक्रियेला सगळी पंचक्रोशी जमली होती. मी मुद्दाम पुढे उभा होतो. कावळा अडून बसला की काय होतं ते आपण दोघांनीही कितीदा पाहिलंय. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात, मग घरातलं कुणीतरी पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतं, की पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ, भावाशी भांडण मिटवू, तू मोकळ्या मनानं जा. मी ठरवून आलो होतो. तू अडलास की मी पुढे होणार, हात जोडणार आणि सगळ्यांदेखत सांगून टाकणार. काय बोलायचं ते येताना मोटारसायकलवर घोकलंही होतं. पण तू कसला अडतोयस. तुझ्या संदीपनं पिंड ठेवले, तो चार पावलं मागे सरला नाही तोच कावळा खाली. मागून कुणीतरी म्हणालं, तृप्त माणूस गेला. मला तुझा रागच आला. जिवंतपणी मला पाठीशी घातलंस ते घातलंस, मेल्यावरसुद्धा तेच.

मग भाषणं झाली. आपल्याकडे दशक्रिया म्हटली की माईक आलाच. ज्यानं तुला फक्त साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीच्या कपड्यात पाहिलं होतं असा एक पुढारी उभा राहिला आणि म्हणाला, की बबनरावांनी बावीस वर्षं सीमेवर काढली आणि उभ्या आयुष्यात डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही. शकूवहिनींनी बायकांच्या घोळक्यातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी वाळूकडे पाहत राहिलो.

कारण गोळ्या मी देत होतो.

आता सगळं सांगून टाकतो. तुला माहीत असलेलंही सांगतो, कारण ते आपण दोघांनी कधी मोठ्यानं उच्चारलंच नाही.

श्रीगोंद्याच्या एकाच भागातले आपण दोघं. नगरच्या भरतीत पळताना शेवटच्या चकरेला मी बसकण मारणार होतो. तू माझं बनियन मागून मुठीत धरलंस आणि मला पुढे ढकलत नेलंस. बनियन फाटलं, पण आपण दोघंही पास झालो. तू पायदळात गेलास, मी मेडिकलला नर्सिंग असिस्टंट झालो, आणि आठ-नऊ वर्षांनी माझी बदली नेमकी तुझ्याच पलटणीत झाली. पहिल्याच दिवशी तू सगळ्या बराकीला सांगितलंस, 'ह्यो आपला डॉक्टर हाय, कुनी सुईला भ्यायचं न्हाई.' सुईला सगळ्यांत जास्त भिणारा तूच होतास.

त्या वर्षीची मेडिकल तुला आठवत असेल. पलटण बर्फातल्या पोस्टवर जाणार होती आणि तू हवालदारकीच्या कॅडरला, बढतीच्या त्या कोर्सला, निघाला होतास. डॉक्टरसाहेब सही करायचे, पण वजन, उंची, ब्लडप्रेशर हे काम माझं. मी तुझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा वर गेला आणि मला वाटलं त्यापेक्षा बऱ्याच वरून ठोके ऐकू यायला लागले. एकशे साठ आणि खालचा शंभर. मी म्हणालो, मूठ सोड, हात सैल ठेव. तुला ती सवयच होती, पट्टा बांधला की मूठ आवळायची. दहा मिनिटं आडवं केलं, परत घेतलं. तेच. तिसऱ्यांदा घेतलं, तेच.

लो मेडिकलचा शेरा म्हणजे काय ते तुलाही माहीत होतं, मलाही. कॅडर गेला, बढती गेली आणि तुझ्या सेक्शनची पोरं वर जाणार तेव्हा तू खाली स्टोअरमध्ये ब्लँकेटांच्या घड्या घालणार. तू पट्ट्याकडे बघत म्हणालास, 'लिही की एकशे चोवीस, ब्याऐंशी.' मी विचारलं, हा कुठून काढलास? तू म्हणालास, 'गेल्या साली त्येवढंच हुतं. वर्षात मानूस काय बदालतंय?'

मी लिहिलं. मला ते मैत्रीचं काम वाटलं. बनियनची फेड झाली असंही वाटलं. मेडिकलच्या धास्तीनं सगळ्यांचंच थोडं वाढतं, पुढे उतरेल, अशी मी माझीच समजूत घातली. तुला गुपचूप गोळी सुरू केली, मीठ बंद केलं आणि डॉक्टर झाल्याच्या ऐटीत हिंडलो. पुढची तीन वर्षं, म्हणजे एकूण चार मेडिकल, तुझा पट्टा मीच बांधला आणि चारही वेळा तोच आकडा लिहिला. एखाद्या वर्षी दोनाने वर, दोनाने खाली करावं एवढीही अक्कल मला नव्हती.

आणि तुझा तो लसूण. कुणीतरी तुला सांगितलं होतं की कच्च्या लसणानं प्रेशर उतरतं. मेडिकलच्या आधी आठ दिवस तू मुठीमुठीनं लसूण खायचास. डॉक्टरसाहेब एकदा तुला तपासून तंबूबाहेर आले, लांब श्वास घेतला आणि मला म्हणाले, हा माणूस आजारी नाही, फोडणीला तयार आहे. आपण तिघंही हसलो. त्यातल्या दोघांना माहीत होतं की तो माणूस आजारी आहे.

माझी बदली झाली, तू वरच राहिलास आणि पुढच्या मेडिकल गोळ्यांच्या जोरावर निभावल्यास. पुढे तू सुट्टीवर यायचास तेव्हा गोळ्या न्यायचास, नाहीतर मी टपालानं पाठवायचो. नोकरीची शेवटची दोन वर्षं तुला शांत ठिकाण मिळालं, मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर. निवृत्तीआधीच्या मेडिकल बोर्डासमोर तू लसणासकट गेलास आणि मशीननं दाखवलं एकशे सत्तर, एकशे दहा. फौजेनं तुला हवालदार म्हणून घरी पाठवलं, गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावर एक ओळ लिहिली, की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. म्हणजे आजारापोटीची जादा पेन्शन नाही.

ती इंग्रजी ओळ तू कितीजणांकडून वाचून घेतलीस. शाळेच्या मास्तरांकडून, तलाठ्याकडून, संदीपकडून. दर वेळी वाटायचं की हा तरी वेगळं काही वाचेल. मग पाठच झाली तुला. कारखान्याच्या गेटवर उभ्या उभ्या मला म्हणालास, 'भरतीला गेल्तो तवा फौजेनंच तपासून घेतला ना मला? निरोगी हाय म्हनून शिक्का मारला. मंग ह्यो आजार मी काय घोडेगावच्या बाजारातून आनला व्हय?' मला हसू आलं होतं. तुला नव्हतं आलं.

पहिलं अपील फेटाळलं, दुसरं फेटाळलं. मग लष्करी ट्रिब्युनलमध्ये केस घातलीस. महिन्यातून एकदा नगरला सैनिक कार्यालयात जायचो आपण, तुझ्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी, त्यात बावीस वर्षं. लोकांना वाटायचं तू पेन्शन वाढवायला भांडतोयस. तू भांडत होतास त्या एका ओळीशी. बर्फात चार हिवाळे काढले, रात्र-रात्र संगीन लावून उभा राहिलो आणि हे म्हणतात आमचा काही संबंध नाही, हे तुझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

नगरच्या स्टँडवरचा तो दिवस मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या अपिलाच्या वेळी पुण्याला सुनावणीला जाऊन आला होतास. बाकड्यावर आपण भेळ खात होतो. खारे शेंगदाणे तू वेचून खात होतास आणि मी ओरडत होतो. तू एकदम म्हणालास, की बोर्डाच्या साहेबांनी माझ्या जुन्या मेडिकलचे कागद पुढे टाकले. बघा म्हणाले, बर्फात होता तेव्हा प्रेशर अगदी नॉर्मल, दर वर्षी. वाढलं ते शांत ठिकाणी आल्यावर, मग नोकरीचा ताण कुठला? एवढं सांगून तू शेंगदाणा तोंडात टाकलास आणि म्हणालास, 'तुजं अक्षर लई चांगलं हाय म्हनाले साहेब. एकदम वाचता येतंय.'

तू टोमणा मारला नव्हतास. तुला टोमणे मारता यायचेच नाहीत. म्हणून तर ते वाक्य मला अजून टोचतं.

त्यानंतर मी तुला विचारलं होतं. हो, विचारलं होतं, एवढं श्रेय मला दे. डेअरीपाशी, सकाळी. दूध घालून झाल्यावर लोक माझ्या टेबलाशी रांग लावतात आणि मी फुकट ब्लडप्रेशर तपासून वहीत लिहून देतो, ते तू रोज बघायचास. त्या दिवशी रांग संपल्यावर मी म्हणालो, मी प्रतिज्ञापत्र करतो, की ते चार आकडे खोटे होते. तू दुधाचा कॅन विसळत राहिलास.

'तू खोटा ठारलास तर हितं कुनाला पट्टा बांदशील?' तू म्हणालास. 'ही म्हातारीकोतारी तुज्या आकड्यावर इस्वास ठिवून गोळी खात्यात. आनि संदीपला मी काय सांगू, का तुजा बाप चार साल लबाड बोलला? ऱ्हाऊ दे नाथा.'

मी लगेच गप्प बसलो. इतक्या लगेच, की तुलाही हसू आलं. तुझ्या मोठेपणामागे मी लपलो रे.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी माझी काळी ट्रंक आवरताना तळाशी तुझं एक पत्र सापडलं. बर्फातल्या पोस्टवरून पाठवलेलं, माझी बदली झाल्यावरचं. वर फौजी टपालाचा शिक्का, तारीख स्पष्ट. तू लिहिलं होतंस, की इथं नवीन नर्सिंग असिस्टंट आलाय तो देवमाणूस आहे, म्हणजे आपल्या कामाचा नाही. सकाळी उठलं की डोकं मागून ठणकतं, कधी डोळ्यापुढे काजवे चमकतात. तू दिलेल्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील, पुढच्या पाठव. मेडिकल महिन्यावर आली, लसूण इथं मिळत नाही. शेवटी माझ्या आईची तब्येत विचारली होतीस.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि ट्रंकेत परत ठेवलं. तुला सांगितलं नाही. मनाला म्हणालो, बबन नाहीच म्हणेल. खरं कारण ते नव्हतं. माझा नुसता शब्द असता तर कुणी मानला असता, कुणी नसता. पण ते पत्र कोर्टात गेलं की माझ्या खोटेपणावर शिक्का बसणार होता, तोही फौजी टपालाचा. मी भ्यालो. दोन महिने रोज सकाळी तुझ्या दंडाला पट्टा बांधत होतो आणि ते पत्र माझ्या घरात होतं.

मग त्या सकाळी तू दुधाचा कॅन मोटारसायकलला अडकवताना खाली बसलास तो उठला नाहीस. मेंदूत रक्तस्राव. नगरच्या दवाखान्यात तीन दिवस होतास. तुझ्या डोक्याशी ती मोठी स्क्रीन होती आणि तिच्यावर तुझा आकडा सारखा उमटत होता. मी तिथं उभा राहून तो वाचत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझा खरा आकडा सगळ्यांना दिसत होता आणि माझ्याकडे कुणी पेन मागत नव्हतं.

दशक्रियेत कावळ्यानं मला सोडवलं नाही, म्हणून तेराव्यानंतर मी स्वतःच तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. योगायोगच, पण मला घाम फुटला. मी पत्र पुढे ठेवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. संदीप दारात उभा राहून ऐकत होता. वहिनींचे हात थांबले नाहीत. सोलता सोलताच म्हणाल्या, की सुट्टीवर आले तरी मेडिकल जवळ आली की हे मीठ सोडायचे, मला वाटायचं देवाचं काही धरलंय. मग त्यांनी पाकळ्या बाजूला सारल्या.

'दोगांनी मिळून माज्या कपाळाशी खेळ केला, भावजी,' त्या म्हणाल्या. 'त्येंनी लपिवलं ते बढतीपायी. तुमी का लपिवलं? तुमी तर शिकल्याले हुता त्यातलं.'

मी रडलो, बबन. त्यांनी रडू दिलं, गप्प केलं नाही, ते बरं केलं. मग संदीपनं पत्र उचललं, वाचलं आणि मला विचारलं, 'काका, पप्पांचं डोकं इतकं दुखायचं?' लबाडीचं त्यानं काहीच विचारलं नाही. तू उगाच भ्यालास त्याला. मी म्हणालो, हो, इतकं दुखायचं.

वहिनींनी डोळे पुसले आणि शेवटचं सांगितलं, 'लिहा मंग. हाय तेवढंच लिहा. जास्तीचं बी न्हाई, कमी बी न्हाई.'

पुण्याच्या वकीलबाईंकडे आम्ही तिघं गेलो. तुझ्या जागी वहिनींचं नाव लावून केस पुढे चालू ठेवायचे कागद त्यांनी तयार केलेच होते. पत्र बघून त्या खुर्चीत सरळ झाल्या. पण बाई सरळ आहे, गोड बोलली नाही. म्हणाली, हे दुधारी आहे. आजार शांत ठिकाणी सुरू झाला या त्यांच्या म्हणण्याला हे पत्र उत्तर देतं, पण सैनिकानं स्वतःच लपवलं असंही ते म्हणतील. आणि मला म्हणाली, तुमच्यावर चौकशी निघू शकते. इतक्या वर्षांनी बहुधा नाही निघणार, पण मी हमी देत नाही. मी म्हणालो, बाई, हमी मागायला आलोच नाही. आजवर सगळी हमीचीच कामं केली, त्यानंच हे झालं.

परवा प्रतिज्ञापत्रावर सही केली. चार मेडिकल, चार खोटे आकडे, खरे आकडे आठवतील तेवढे, दिलेल्या गोळ्यांची नावं, गोळ्या कुणाला न विचारता दिल्या हेही. टायपिस्ट पोरगी मध्येच थांबून माझ्याकडे बघायची, मी म्हणायचो, टाइप कर बाळा. सही मात्र तीच, वाचता येणारी.

काल सकाळी डेअरीवर रांग लागली. गावाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून मी पट्टा उचलायच्या आधी उभा राहिलो आणि सांगितलं, की बबन हवालदाराचं प्रेशर मी चार वर्षं खोटं लिहिलं होतं, आता कोर्टात तसं लिहून दिलंय, ज्याला माझ्याकडून तपासून घ्यायचं नसेल त्यानं खुशाल घरी जावं. सहा-सातजण गेले. त्यांचं बरोबरच आहे. काहीजण गेलेही नाहीत आणि जवळही आले नाहीत, कॅन हातात धरून नुसते उभे राहिले. मग तुझ्या वस्तीवरचे ते तुकाराम आण्णा, काठी टेकत पुढे आले, बाही वर केली आणि विचारलं, 'माजं मागल्या हप्त्याचं तरी खरं हुतं का?' मी म्हणालो, खरं होतं आण्णा. ते म्हणाले, 'तरी परत घे.' परत घेतलं. मोठ्यानं वाचलं, त्यांना पारा दाखवला, मग वहीत लिहिलं. यापुढे असंच करणार, ज्याचा त्याला पारा दाखवून.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. वहिनी येणार, संदीप रजा काढणार, मी साक्षीला उभा राहणार. तिथं हरलो तर वर जाऊ. त्याच्याही वर काही असेल तर तिथं जाऊ. माझा गुडघा दुखतो, पण बसता येतं एस.टी.त. ती ओळ खोडली जाईपर्यंत मी तुझी ती प्लॅस्टिकची पिशवी खाली ठेवणार नाही. आणि तू ऱ्हाऊ दे म्हणालास तरी या खेपेला मी ऐकणार नाही.

काल रांग पांगल्यावर टेबलाशी एकटाच बसलो होतो. वहीचं नवं पान उघडलं आणि वर तुझं नाव लिहिलं. खाली लिहिलं, बर्फात जायच्या आधीची मेडिकल, तीनदा तपासलं, एकशे साठ, शंभर. चांगल्या अक्षरात लिहिलं, कुणालाही वाचता येईल असं.

पट्टा सोडतोय, बबन. आता मूठ सोड.

तुझा,
नाथा